हवामान केंद्रांचा डेटा आपोआप तपासायचा कसा? (आभाळ निरभ्र, पाऊस ३८.४ मिमी)

द्राक्षवाली

नमस्कार मंडळी. नाशिक जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करते. शिक्षण बीएस्सी कृषी, पण ऑफिसात एक्सेल धड येणारी मी एकटीच, त्यामुळे आमची चौदा स्वयंचलित हवामान केंद्रं माझ्या गळ्यात पडली. निफाड, दिंडोरी, चांदवड मिळून चौदा. दर १५ मिनिटांनी प्रत्येक केंद्र सिमकार्डवरून एक ओळ पाठवतं: तापमान, आर्द्रता, पाऊस, वारा, सूर्यप्रकाश, पानांचा ओलावा, बॅटरी. चार केंद्रांवर हवेचा दाबही आहे. दिवसाला १३४४ ओळी, म्हणजे नऊ हजारांच्या वर आकडे. सकाळी चहासोबत मी ते रंग लावलेल्या शीटमध्ये बघते. बघते म्हणजे कुठे लाल दिसतंय का, एवढंच.

आता झालं काय ते सांगते. नोव्हेंबरचा पहिला आठवडा. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागा फुटलेल्या, पानं कोवळी, डाऊनी या बुरशीजन्य रोगाची धास्ती घरोघर. दुपारी पाच नंबरच्या केंद्रावरून ही ओळ आली:

१५:४५ | तापमान ३०.६ | आर्द्रता ३४ | पाऊस ३८.४ | सूर्यप्रकाश ४६० | पानांचा ओलावा ० | बॅटरी १२.७

आमच्या सिस्टीमनं इमानेइतबारे त्या भागातल्या सव्वातीनशे बागायतदारांना मेसेज धाडला: पाऊस ३८.४ मिमी, डाऊनीचा धोका, फवारणीचं नियोजन करा. पाच मिनिटांत माझा फोन तापला. एक आजोबा म्हणाले, "ताई, तुमचा पाऊस कोणत्या शिवारात पडला तेवढं सांगा, आम्ही भिजायला येतो." हसून सोडून दिलं असतं, पण दोघं जण त्या दिवशी बाहेरगावी होते. त्यांनी मेसेजवर भरवसा ठेवून गड्याकरवी फवारणी उरकून घेतली. औषध, डिझेल, मजुरी सगळं पाण्यात. त्यांच्यापुढे जाताना अजून माझी मान खाली जाते.

कारण दुसऱ्या दिवशी कळलं. ज्यांच्या बागेत केंद्र आहे त्यांच्या मुलाला पर्जन्यमापकात धूळ दिसली. त्यानं फवारणीचा पाइप लावून तो आतून लख्ख धुऊन काढला. चांगल्या मनानं केलं बिचाऱ्यानं.

मग मी शहाणपणा केला. १५ मिनिटांत २५ मिमीच्या वर पाऊस आला की आकडा उडवायचा, तापमान ५ च्या खाली किंवा ४५ च्या वर गेलं की उडवायचं, असा नियम घातला. आणि जानेवारीत एका पहाटे निफाडकडच्या दोन केंद्रांवर पारा खरोखरच ४ च्या घरात गेला. माझ्या नियमानं तो बिनबोभाट पुसला, आणि अहवालात किमान तापमान छापलं ५.१. रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून, ठिबक सोडून बसलेल्या माणसांना मी सांगत होते की तेवढी थंडी नव्हतीच.

तर प्रश्न असा. मर्यादा कुठून घ्यायच्या? शेजारच्या केंद्राशी तुलना कितपत धरायची? संशयित आकडा पुसायचा की ठेवायचा? सर्व्हरवर पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे, मला पायथनमध्ये कामापुरता प्रोग्राम लिहिता येतो. पुरवठादाराला विचारलं तर एकच उत्तर, "सेन्सर कॅलिब्रेटेड आहे मॅडम."

जुना_निरीक्षक

ताई, वेधशाळेच्या नोकरीत एकतीस वर्षं काढली. पायथन येत नाही, पण आकड्यांवर संशय घेण्याचाच पगार मिळत होता.

आधी ते पुसणं बंद करा. आमच्या नोंदवहीत खोडरबर चालत नसे. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ, वर दुरुस्त आकडा, बाजूला सही. रेघेखालचा आकडा वाचता आलाच पाहिजे. एका नवख्या पोरानं ब्लेडनं खरवडून आकडा बदलला होता. साहेबांनी पान उजेडासमोर धरलं आणि बारीक झालेल्या कागदातून पलीकडची खिडकी त्याला दाखवली, बोलले काहीच नाहीत. तुमच्या संगणकातही आलेली ओळ आली तशी एका तक्त्यात कायमची ठेवा. शेरा वेगळ्या रकान्यात.

असं का म्हणतो? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. त्याच मुंबईत कुलाब्याला त्याच वेळी ७५ सुद्धा नाही. तुमचा नियम तिथं असता तर सांताक्रूझचा आकडा दोनदा उडाला असता. एकदा फार मोठा म्हणून, दुसऱ्यांदा शेजाऱ्याशी जुळत नाही म्हणून. आणि दोन्ही आकडे खरे होते.

उलटंही बघा. २९ मे २०२४ ला दिल्लीच्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्रानं ५२.९ अंश दाखवले. सगळीकडे बातम्या. हवामान खात्यानं नंतर तपासलं तेव्हा तिथला सेन्सर ३ अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. आता सांगा, ५२.९ साठी मर्यादा कुठे लावली असती? राजस्थानात फलोदीला २०१६ मध्ये ५१ अंशांची नोंद आहे. म्हणजे ५५ ची मर्यादा लावली असती तर हा चुकीचा आकडा आरामात आत शिरला असता. नुसत्या आकड्याच्या आकारावरून खरंखोटं ठरत नाही.

तुमच्या पाच नंबरचं उत्तर तर तुमच्याच ओळीत आहे. आर्द्रता ३४, सूर्यप्रकाश ४६०, पानाचा ओलावा शून्य. मुसळधार पडतोय, ऊन कडक आहे आणि पान कोरडं, हे फक्त कवितेत. शिवाय मापकातली छोटी बादली पाण्यानं भरली की उलटते आणि तेच मोजलं जातं; ती ०.२ मिमीला एकदा उलटते असं धरलं तर ३८.४ साठी ती १९२ वेळा उलटली. पंधरा मिनिटांत, म्हणजे पावणेपाच सेकंदांना एकदा. वळिवाच्या तडाख्यात असं होऊ शकतं, नाही असं नाही. पण मग त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळीत थोडातरी पाऊस असतो. तुमच्याकडे पुढेमागे शून्य असणार. बघून सांगा.

आणखी एक, हवेच्या दाबाची ती चार केंद्रं जपा. आपल्याकडे दाब रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे चार आणि दुपारी चारला खाली. वादळबिदळ नसेल तर यात खंड नाही. हे घड्याळ फुकट मिळतं आणि त्याला बॅटरी लागत नाही.

डेटाबहाद्दर

एवढा खटाटोप कशाला? मशीन लर्निंग लावा. दोन वर्षांचा डेटा मॉडेलला द्या, विचित्र काय ते तोच शिकेल. आजकाल सगळे हेच करतात.

द्राक्षवाली

@डेटाबहाद्दर, दोन वर्षांच्या डेटात धुतलेला पाऊसही आहे आणि पुसलेली थंडीही. तो नेमकं काय शिकेल याचीच मला भीती वाटते.

@जुना_निरीक्षक काका, मागच्या पुढच्या दोन्ही ओळींत शून्य. काय बोलू! तीन महिने तो आकडा माझ्यासमोर होता, पण मी फक्त पावसाचाच रकाना बघत बसले.

पाणलोट_पायथन

मी धरणांच्या पाणलोटातल्या पर्जन्यमापकांचा डेटा सांभाळतो, साठेक केंद्रं. तुमच्यासारखीच ठेच खाऊन शिकलोय, तेव्हा आमचा क्रम सांगतो. क्रमाला महत्त्व आहे.

पहिली तपासणी आकड्यांची नाहीच, ओळीची आणि वेळेची. रेंज गेली की केंद्र ओळी साठवून ठेवतं आणि रेंज आली की एकदम ओततं. त्यात तीच ओळ दोनदा येते, क्रम उलटसुलट होतो. केंद्र क्रमांक आणि वेळ मिळून युनिक की करा, म्हणजे त्या जोडीची ओळ एकदाच शिरेल, नाहीतर एकच पाऊस दोनदा मोजाल. ओळ मोजली कधी आणि पोचली कधी, या दोन वेळा वेगवेगळ्या ठेवा. भविष्यातली वेळ घेऊन आलेली ओळ थेट बाजूला.

दुसरं, सेन्सरचे ठरलेले "मी मेलोय" आकडे. -९९९, ९९९९ सगळ्यांना माहीत असतात. पण ६५५३५ दिसला तर तो मोडबसवरून (सेन्सर ज्या पद्धतीनं आकडे पाठवतो ती) आलेला भरलेला डबा आहे, म्हणजे त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा, वारा नव्हे. डीएस१८बी२० जातीचा स्वस्त तापमान प्रोब वापरत असाल तर ८५.० म्हणजे वीज येऊन तो नुकताच जागा झालाय आणि अजून मोजमाप केलेलं नाही. आणि -१२७ म्हणजे वायर सुटली. हे आकडे मर्यादेच्या तपासणीला जाण्याआधीच "गैरहजर" म्हणून नोंदवा.

मर्यादा दोन ठेवा. बाहेरची मर्यादा सेन्सरच्या कुवतीची, ती ओलांडली तर नापास. आतली मर्यादा त्या गावाची आणि त्या महिन्याची. ती ओलांडली तर फक्त "संशयित". तुमची ५ अंशांची मर्यादा आतली होती, तुम्ही तिला बाहेरची समजलात, एवढीच चूक. निफाडला थंडीत पारा ५ च्या खाली जाणं म्हणजे काही आक्रीत नव्हे. मेमध्ये गेला तर मात्र मला झोपेतून उठवा.

मग उडी आणि गोठणं. जागतिक हवामान संघटनेच्या स्वयंचलित केंद्रांसाठीच्या मार्गदर्शिकेत एका मिनिटात तापमान ३ अंशांनी, आर्द्रता १० टक्क्यांनी किंवा दाब ०.५ हेक्टोपास्कलनं बदलला तर संशय घ्या असं आहे. आणि तासभरात तापमान ०.१ अंशानंही हललं नाही तर गोठलं समजा. हे आकडे मिनिटाच्या नोंदींचे आहेत, तुमच्या पंधरा मिनिटांना जसेच्या तसे लावू नका. मेच्या दुपारी वळीव आला की पाव तासात तापमान सात-आठ अंशांनी कोसळतं आणि तोच आकडा तुमच्या शेतकऱ्याला हवा असतो. आम्ही उडीची तपासणी पाऊस नसतानाच कडक ठेवलीय.

गोठण्यालाही अपवाद लागतात. जुलैत आर्द्रता दिवसचे दिवस ९८-९९ वर बसते, ती गोठलेली नाही, पावसाळा आहे. रात्री सूर्यप्रकाश शून्य असतो. पाऊस तर वर्षातला बहुतेक काळ शून्यच. आणि इथेच गोम आहे. पर्जन्यमापक मेला की तो शून्य पाठवतो, आणि शून्य कुठल्याच तपासणीत अडकत नाही. जास्तीचा पाऊस लगेच ओरडतो, कमीचा पाऊस गप्प राहतो. त्यासाठी हंगामाची बेरीज शेजारच्या दोन-तीन केंद्रांच्या सरासरीच्या बेरजेसमोर मांडून बघा. दोन्ही साधारण एका रेषेत चढत जातात. रेषा जिथे वाकते त्या तारखेला तिथे काहीतरी झालंय. जलविज्ञानातली जुनी, वहीवरची पद्धत आहे, अजून तिला तोड नाही.

शेऱ्याचे अंक स्वतः शोधत बसू नका. समुद्राच्या डेटावाल्यांची क्वारटॉड नावाची पद्धत आहे, तीच उचलली आम्ही: १ पास, २ तपासलं नाही, ३ संशयित, ४ नापास, ९ गैरहजर. १ आणि २ वेगळे आहेत हे फार कामाचं. "तपासलं आणि बरोबर निघालं" आणि "तपासायला शेजारीच नव्हता" यात जमीनअस्मानाचा फरक. बाकी कोड म्हणाल तर पांडाजमध्ये (पायथनचं तक्ते हाताळायचं साधन) दीडदोनशे ओळी आणि क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या सोयीवर, दर पंधरा मिनिटांनी एक फेरी.

घाटावरचा

वरच्या शेजाऱ्याच्या मुद्द्यात एक भर. शेजारी म्हणजे अंतरानं जवळचा नव्हे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या आसपास पडतो, तिथून घाट उतरून वाईत या, त्याच्या पाव हिस्साही नाही. अंतर जेमतेम तीस किलोमीटर. आमच्याकडे एका हुशार माणसानं "२५ किलोमीटरच्या आतली केंद्रं" असा नियम घातला आणि जूनभर घाटमाथ्याची सगळी केंद्रं संशयित निघाली. शेवटी शेजारी कोण ते नकाशा समोर ठेवून हातानं लिहिलं. चौदा केंद्रांना अर्धा तास लागतो. आणि पाऊस असेल तर पंधरा मिनिटांची तुलना करूच नका, दिवसाच्या बेरजेची करा. तापमानाचं तासातासाला चालतं.

जुना_निरीक्षक

दिवसाची बेरीज सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ अशी करा, म्हणजे खात्याच्या आकड्यांशी ताडता येईल. मध्यरात्र ते मध्यरात्र केलीत तर रात्रीचा पाऊस दोन दिवसांत वाटला जाईल आणि कुणाशीच जुळणार नाही.

द्राक्षवाली

दोन आठवडे गप्प होते, कारण सप्टेंबरपासूनचा सगळा डेटा पुन्हा नव्या तपासणीतून काढत होते. सांगण्यासारखं बरंच आहे.

अकरा नंबरवर सूर्य रात्री एक वाजता उगवतो! रात्री सूर्यप्रकाश शून्यच हवा, हा मी सगळ्यात निरुपद्रवी म्हणून घातलेला नियम, आणि त्यानं त्या केंद्राच्या शेकडो ओळी पकडल्या. काकांचा दाब आठवला. तिथं दाबाचा सकाळचा शिखरबिंदू दहाऐवजी साडेचारला. बरोबर साडेपाच तासांचा फरक, म्हणजे घड्याळ ग्रिनिच वेळेवर. सप्टेंबरमध्ये तिथलं सर्किट बदललं होतं, तेव्हा कुणी वेळ लावलीच नाही. तापमान योग्य, आर्द्रता योग्य, एकही आकडा खोटा नाही, फक्त सगळे चुकीच्या वेळेला बसलेले. त्या भागातल्या लोकांना मी पाच महिने पहाटेचा ओलावा रात्री पडतो म्हणून सांगत होते, आणि साडेआठची पावसाची बेरीज प्रत्यक्षात दुपारी दोनला करत होते.

तीन नंबरचा पानांचा ओलावा १९ दिवस शंभरावर. जाऊन बघितलं तर सेन्सरवर बोर्डोचा (फवारणीच्या मिश्रणाचा) पांढरा थर चढलेला. ओल्या फडक्यानं पुसला, दहा मिनिटांत शून्यावर आला.

आठ नंबरवर आम्ही नंतर बसवलेला मातीच्या तापमानाचा प्रोब पहाटे कधीकधी ८५.० दाखवत होता. मी तो आकडा नुसता उडवून मोकळी झाले असते. @पाणलोट_पायथन यांनी सांगितलं म्हणून त्याच वेळची बॅटरी बघितली, ११.२. रात्री केंद्र बंद पडून पुन्हा सुरू होत होतं. सौर पॅनेलवर बोटभर धूळ, वर बगळ्यांची कृपा.

आणि सहा नंबर. बेरजेची रेषा ऑक्टोबरच्या सुरुवातीला अक्षरशः आडवी झाली. परतीच्या पावसात पाच आणि सात नंबरला ९२ आणि १०४ मिमी, मधल्या सहाला ११.२. तेही कसे? पाऊस थांबल्यावर रात्रभर, तासा-दीड तासाला ०.२. मला वाटलं दव असेल. गाडी काढून गेले, वरची जाळी काढली तर गाळणीच्या तोंडात कुंभारमाशीचं मातीचं घर, चांगलं पेराएवढं. त्याच्या कडेनं पाणी थेंबथेंब झिरपत होतं. चार महिने. त्या शेतकऱ्याच्या नोंदीत परतीचा पाऊस जवळजवळ नाहीच, आणि तिथं उभं राहून हे त्यांना समजावताना त्यांनी मला शांतपणे विचारलं, "मग आमचं नुकसान कुठे लिहिलंय?" मूळ ओळी तशाच ठेवल्यात, शेरा ४ दिलाय, आणि शेजारच्या दोन केंद्रांचे आकडे जोडून तसं पत्र लिहून दिलंय. ते पत्र कुठे चालेल का, बघू.

मेसेजचं म्हणाल तर ३ किंवा ४ शेरा लागला की तो आता थेट जात नाही. आधी मला येतो आणि त्या गावातल्या एका बागायतदाराला जातो. त्यानं फक्त बाहेर बघून "हो" किंवा "नाही" लिहायचं. पहिल्या आठवड्यात सात वेळा विचारलं, पाच वेळा "नाही".

धुण्यापुसण्यासाठी एक मिस्ड कॉलचा नंबर ठेवलाय. केंद्राला हात लावण्याआधी कॉल द्यायचा, पुढचा एक तास त्या केंद्राच्या ओळींवर आपोआप "देखभाल चालू" लागतं. कागदावर फॉर्म कुणी भरलं नसतं. मिस्ड कॉल सगळ्यांना येतो.

काल पाच नंबरच्या मुलाचा पहिला मिस्ड कॉल आला. वीस मिनिटांनी ओळ आली: पाऊस ०.४ मिमी. या वेळी पाइप नाही, फक्त फडक्यानं पुसला म्हणे.

जुना_निरीक्षक

फडकं ओलं असणार.